चिमटीतलं ऑइल

अण्णांनी इंजिनमधून डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढली, फडक्यानं पुसली, परत आत घातली आणि परत ओढली. टोकाला लोंबणारा थेंब अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत घेतला, बोटं सावकाश एकमेकांवर घासली आणि चिमटी उघडून मध्ये तार धरतेय का ते पाहिलं. तार धरली नाही.

"पोरी, हे ऑइल न्हाई, पाणी हाय," ते म्हणाले.

ही २०२१ सालची गोष्ट. नवी गाडी पहिल्यांदाच साताऱ्याला नेली होती. आईनं ओवाळलं, हळदकुंकू वाहिलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. ते सगळं होईपर्यंत अण्णा बाजूला उभे होते. ती झाली आईची पूजा. बॉनेट उघडल्यावर त्यांची सुरू झाली.

अण्णा चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली ती तारीख, १ जून १९४८, आमच्या घरात कुणाच्याही वाढदिवसाइतकी पक्की आहे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून डेपोत जाऊन येतात. लहानपणी ते कामावरून आले की खाकी कपड्यांना डिझेलचा आणि जळक्या ऑइलचा वास असायचा, आणि मला तो वास म्हणजेच वडील वाटायचे. २१० लिटरच्या बॅरलमधून मापानं ऑइल काढायचं, चेंबरमध्ये ओतायचं, गाडी घाटात पाठवायची, हे त्यांनी हजारो वेळा केलं. त्या चिमटीला मी आव्हान देणं शक्यच नव्हतं.

"पुढच्या टायमाला जरा दाट घाल," ते म्हणाले, आणि ते वाक्य माझ्या मनात घट्ट बसलं.

दोन वर्षांनी गाडीची वॉरंटी संपली. पुण्यात घराजवळच एक गॅरेज होतं. तिथला माणूस बोलायला चांगला, काम वेळेवर देणारा. २०२३ च्या दिवाळीआधी सर्व्हिसिंगला गाडी तिथं लावली. तो म्हणाला, "ताई, कंपनी फार पातळ ऑइल देते. आपल्याकडचं ऊन बघता जाड टाकू का? इंजिनला आयुष्य येईल." शब्द जवळपास अण्णांचेच होते. मी लगेच हो म्हटलं. बिलावर फक्त 'इंजिन ऑइल' एवढंच लिहिलेलं होतं, पुढे रक्कम. कुठल्या ग्रेडचं, किती लिटर, काही नाही. मीही विचारलं नाही.

मग जानेवारी आला.

साताऱ्यात जानेवारीतल्या पहाटे अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. वाईला एका लग्नाला लवकर निघायचं होतं. मी चावी फिरवली. इंजिन लागलं आणि आतून कडकड कडकड असा आवाज आला, कुणी मुठीत खडे घेऊन पत्र्याच्या डब्यात हलवावेत तसा. चार-पाच सेकंदांत तो विरला आणि गाडी नेहमीसारखी चालू राहिली. मी गिअर टाकणार तेवढ्यात अण्णा दारातून ओरडले, "बंद कर!"

त्यांनी गाडी तासभर थंड होऊ दिली. लग्नाचा मुहूर्त असूनही. मग घरातून लांब पात्याचा स्क्रू ड्रायव्हर आणला, त्याचं टोक इंजिनच्या वरच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. पुन्हा तोच आवाज, जरा कमी. डोळे मिटून ते ऐकत होते. आधी उजव्या बाजूला, मग चेनच्या बाजूला. मग स्क्रू ड्रायव्हर खाली घेतला.

"वर ऑइल उशिरा चढतंय," ते म्हणाले. "काय घातलंय ह्याच्यात?"

"दाट. तुम्ही म्हणाला होतात ना."

ते काही बोलले नाहीत. गॅरेजवाल्याला फोन लावला. २०डब्ल्यू-५०, तो म्हणाला, आणि वर अभिमानानं, भारीतलं आहे. अण्णांनी फोन माझ्या हातात परत दिला आणि विचारलं, "गाडीचं पुस्तक कुठंय?"

पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पाकिटात, एकदाही न उघडलेलं होतं. मागच्या पानांवर एका ओळीत लिहिलेलं होतं: ०डब्ल्यू-२०, फिल्टरसकट ३.५ लिटर. आमच्या इंजिनला जे हवं होतं आणि आम्ही जे पाजलं होतं त्यात इतकं अंतर होतं.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागले. अण्णांचं बोट चुकलं कसं, हे मला कळायला हवं होतं. चौतीस वर्षांचा हात उगाच चुकत नाही.

त्याचं उत्तर मला आईच्या खोबरेल तेलात सापडलं. थंडीत तेलाची बाटली गोठते, आई ती उन्हात ठेवते, तासाभरात तेल पाण्यासारखं वाहतं. तेल तेच असतं, बाटलीही तीच. कराडच्या बाजूला गुऱ्हाळावर गेलं की काकवीचंही तेच. कढईतून काढताना धार पडते, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात चमचा उभा राहतो. तेलाचा दाटपणा म्हणजे त्याचा कायमचा स्वभाव नव्हे. कुठल्या तापमानाला, हे जोडल्याशिवाय तो सांगताच येत नाही. अण्णांची चिमटी मोजत होती पंचवीस अंशाचं ऑइल. इंजिन काम करतं शंभर अंशाच्या आसपास.

डब्यावरचे आकडे नेमकं हेच सांगतात. ऑइलची दाटपणानुसार वर्गवारी अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनियर्सनं १९११ साली सुरू केली. एसएई ती हीच. डब्ल्यू म्हणजे वॅट नव्हे, विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो, नंतरचा आकडा शंभर अंशाला ऑइल किती दाट उरतं ते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ऑइल गारठ्यात लवकर वाहतं. शून्यवाल्याची परीक्षा उणे ३५ अंशाला होते, वीसवाल्याची उणे १५ ला. इथं आपल्याकडचा प्रत्येक माणूस म्हणतो की साताऱ्यात काय, महाबळेश्वरातसुद्धा उणे ३५ होत नाही, मग त्या शून्याचा आपल्याला काय उपयोग? मलाही तसंच वाटलं होतं. पण ऑइलच्या दृष्टीनं थंडी म्हणजे हिमालय नव्हे. शंभर अंशाच्या खालचं सगळंच त्याला थंड असतं, मे महिन्यातली दुपारसुद्धा.

आकड्यातच बघा. दाटपणा सेंटिस्टोकमध्ये मोजतात. साधं पाणी २० अंशाला जवळपास १ भरतं. ०डब्ल्यू-२० हे शंभर अंशाला साधारण आठ-साडेआठ असतं, आणि ४० अंशाला चाळीस-पंचेचाळीसच्या घरात. म्हणजे अण्णांनी ज्याला पाणी म्हटलं ते ऑइल भर उन्हाळ्यात गाडी चालू करतानाही इंजिनला गरजेपेक्षा पाचपट दाटच पडतं. २०डब्ल्यू-५० हे त्याच ४० अंशाला दीडशेच्या वर जातं. आमच्या अंगणातल्या जानेवारीत ते कुठं गेलं असेल, त्याची कल्पना करा. पंप तो गोळा वर ढकलायचा प्रयत्न करतो, प्रेशर चढतं, पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल वर जायच्या ऐवजी खालच्या खाली चेंबरमध्ये परततं. प्रेशर भरपूर, प्रवाह नाही. आणि वर कॅमशाफ्ट, टायमिंग चेनचा टेन्शनर, व्हॉल्व्हचं टायमिंग मागंपुढं करणारी यंत्रणा ही सगळी ऑइलच्या जोरावरच चालणारी मंडळी कोरडी वाट बघत बसतात. ती कडकड म्हणजे त्यांची वाट बघणं होतं.

मग एसटीत दाट ऑइल चालायचं, ते कसं? चालायचं, आणि योग्यही होतं. ते इंजिन मोठं, सावकाश फिरणारं, धातूधातूंतल्या फटी मोठ्या, मागं पन्नास माणसं आणि टपावर पोती, समोर खंबाटकी. शिवाय, हे मला अण्णांनीच सांगितलं, बस एकदा पहाटे चालू झाली की रात्रीपर्यंत थंड होत नाही. तिच्या ऑइलला गारठ्यातून वर चढायचं काम दिवसातून एकदाच. घरच्या गाडीचं आयुष्य याच्या अगदी उलट. सकाळी शाळा, मग ऑफिस, संध्याकाळी भाजी. प्रत्येक वेळी इंजिन निवलेलं. अण्णांचं ज्ञान चुकीचं नव्हतं. ते दुसऱ्या इंजिनचं होतं.

दाटच्या बाजूनं जे खरं आहे तेही सांगायला हवं. पातळ ऑइल गाड्यांत आलं त्यामागं अ‍ॅव्हरेज हे मोठं कारण आहे. आपल्याकडे २०१७-१८ पासून कंपन्यांना आपल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी इंधनखर्चाची मर्यादा पाळावी लागते, २०२२-२३ पासून ती आणखी कडक झाली, आणि पातळ ऑइलनं इंधन थोडं वाचतं. म्हणून काही गाड्यांच्या पुस्तकात एकाऐवजी दोन-तीन ग्रेड दिलेल्या असतात, तापमानाच्या पट्ट्यांसकट. सतत भरलेली गाडी घाटात चालवणाऱ्यानं त्या पट्टीतली वरची ग्रेड घेतली तर मला त्यात काही गैर वाटत नाही. पण ती पट्टीतली असावी. पुस्तकात ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३० आहे म्हणून २०डब्ल्यू-५० चालेल, असा त्याचा अर्थ होत नाही. पातळ ऑइलचीही खालची मर्यादा ठरलेली आहे. १५० अंशाच्या उष्णतेत, जोराच्या घासाखाली त्याचा थर किती टिकला पाहिजे याची वेगळी चाचणी असते. इंजिन फिरत असताना क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, बेअरिंगवर टेकलेला नसतोच, ऑइलच्या थरावर तरंगत असतो, आणि तो थर माणसाच्या केसापेक्षा कितीतरी पातळ असतो. हे वाचलं त्या दिवशी मी गाडी चालवताना रेडिओ बंद ठेवला होता.

ग्रेड झाली की लोक थांबतात. डब्यावर अजून एक ओळ असते, तिचं महत्त्व मला माझ्या चुलतभावाच्या गाडीमुळं कळलं. तो कराडजवळ राहतो, शेती आणि दूध. गाडी डिझेल, बीएस-सिक्स, म्हणजे धुराचे नवे कडक नियम पाळणारी. एप्रिल २०२० पासून आलेल्या या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. जाळी भरली की गाडी जास्तीचं डिझेल सोडून ती काजळी आपोआप जाळते, पण त्यासाठी वीस-एक मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगानं चालावं लागतं. भाऊ चालवायचा मळा ते डेअरी, तीन किलोमीटर. जाळायची क्रिया सुरू व्हायची आणि अर्ध्यात गाडी बंद. न जळलेलं डिझेल पिस्टनच्या कडेनं खाली चेंबरमध्ये उतरायचं. एक दिवस त्यानं डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं. अण्णांना दाखवायला तो गाडी घेऊन साताऱ्याला आला. अण्णा बराच वेळ ती पट्टी हातात धरून उभे होते. उभ्या नोकरीत त्यांनी ऑइल कमी झालेलं पाहिलं होतं, वाढलेलं कधीच नाही.

अशा डिझेलला कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर बहुधा एसीईए (युरोपातल्या गाडी-कंपन्यांची संघटना) सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं. काजळी जळून जाते, पण ऑइलमधल्या धातूच्या क्षारांची राख जळत नाही. ती जाळीत कायमची साचते. ग्रेड बरोबर, दर्जा चुकीचा, तरी नुकसान व्हायचं ते होतंच, आणि ती जाळी बदलायचा खर्च बघून माणूस खाली बसतो. पेट्रोल गाडीला हा प्रश्न सोपा आहे. तिथं एपीआयच्या, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या, अक्षरांत एसनंतरचं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा: २०१० सालचं एसएन, २०२० चं एसपी, आता २०२५ पासून एसक्यू. पुस्तकात एसएन असेल आणि दुकानात एसपी मिळालं तर खुशाल घ्यावं. उलट करू नये.

ब्रँडबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात आणि मला त्यात सगळ्यात कमी रस आहे. सर्वो, मॅक, कॅस्ट्रॉल, गाडीच्या कंपनीचा स्वतःचा डबा, काहीही घ्या. ग्रेड आणि दर्जा जुळला की वाद संपला. सिंथेटिक की साधं, हा प्रश्नही ०डब्ल्यू-२० ला पडत नाही, इतकं पातळ आणि तरीही टिकणारं ऑइल साध्या मिनरल तेलातून बनत नाही. मात्र डबा कुठून आला हे बघा. सील, बॅच नंबर, तारीख. आणि रिकामा डबा तसाच टाकू नका. अण्णा प्रत्येक रिकाम्या डब्याच्या बुडाला स्क्रू ड्रायव्हरनं भोकं पाडतात, म्हणजे त्यात कुणी दुसरं काही भरून विकणार नाही.

आता किती दिवसांनी बदलायचं. इथं मी अण्णांशी वाद घातला आणि जिंकले नाही. त्यांची स्वतःची जुनी पेट्रोल गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटरसुद्धा चालत नाही. मी म्हटलं, दहा हजारला बदलतात, अजून बराच अवकाश आहे. त्यांनी ऑइल भरायचं झाकण उघडून उलटं करून माझ्यासमोर धरलं. आतल्या बाजूला फिकट पिवळी, दह्याच्या सायीसारखी चिकट दाटी जमली होती. बोटानं काढली तर बुळबुळीत. मी घाबरले, कारण कूलंट ऑइलमध्ये मिसळलं की अख्खं ऑइल दूधकॉफीसारखं दिसतं आणि ते हेड गॅस्केट गेल्याचं लक्षण. पण डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ होतं, कूलंटची पातळीही जागेवर. "गाडी मंडईला जाती आन येती," अण्णा म्हणाले. "कधी तापतच न्हाई. आतलं पाणी उडणार कसं?"

पेट्रोल जळताना वाफ होते, त्यातली थोडी खाली ऑइलमध्ये उतरते. लांबच्या प्रवासात ऑइल तापतं आणि ती उडून जाते. चार किलोमीटरच्या फेरीत ती आतच राहते, न जळलेल्या पेट्रोलसोबत, आणि हळूहळू आम्ल तयार होतं. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीचं ऑइल किलोमीटरवर नाही, कॅलेंडरवर बदलायचं. गाडीच्या पुस्तकातही 'किंवा बारा महिने, जे आधी होईल ते' असं असतंच, फक्त ते वाचलं जात नाही. तेव्हापासून अण्णा आणि आई त्या गाडीनं पंधरा दिवसांतून एकदा वाईला ढोल्या गणपतीला जातात. पस्तीसेक किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. आईला वाटतं हे तिच्यासाठी आहे, आणि ते तसंही आहेच.

काळ्या रंगानं कुणी घाबरू नये, एवढं जाता जाता सांगते. डिझेलचं नवं ऑइल शंभर किलोमीटरमध्ये काळं होतं. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. भीती वाटावी ती पातळी खालच्या खुणेच्या खाली गेली तर. रस्त्यात तशी वेळ आली आणि पेट्रोल पंपावर नेमकी ग्रेड मिळाली नाही, तर जवळातली जवळची घाला आणि घरी आल्यावर बदला. चुकीचं अर्धा लिटर परवडतं, कोरडं इंजिन नाही.

आणि काढलेल्या ऑइलचं काय करता? गावाकडे ते वाळवी लागू नये म्हणून वाशांना फासतात, गोठ्याच्या खांबांना फासतात, उरलेलं ओढ्याकाठी ओततात. आमच्याही घरी फासलं जायचं, मी लहानपणी ब्रशनं स्वतः फासलंय. वापरलेल्या ऑइलमध्ये धातूचे कण आणि कॅन्सरला कारण ठरणारे घटक असतात. कायद्यानं तो घातक कचरा आहे. ज्याच्याकडे बदलता त्यालाच विचारा, हे कुणाला देतोस? तो गोळा करणाऱ्याला देत असेल तर ठीक. घरी बदललं तर नव्याच्याच डब्यात भरून गॅरेजवर पोचवा. अण्णा आता तसंच करतात. त्या डब्यांना भोकं गॅरेजवर रिकामे झाल्यावर पडतात.

त्या जानेवारीत आम्ही २०डब्ल्यू-५० काढून टाकलं. महाग होतं, दोन-अडीच हजार किलोमीटरच चाललेलं होतं, तरी. मी ०डब्ल्यू-२० आणि फिल्टर घेऊन आले. अण्णा गाडीखाली आडवे झाले, ड्रेन नट सैल केला, शेवटचा आटा हातानं फिरवून पटकन बाजूला केला, आणि ऑइल घमेल्यात पडू लागलं. पहाटेच्या गारठ्यात ती धार मधासारखी जाड, गुंडाळत गुंडाळत पडत होती. "बघ," ते खालूनच म्हणाले, "हे वर चढणार कवा?" नवा वायसर टाकून नट बसवला. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं ऑइल लावलं, फिल्टर हातानंच आवळला. मग नव्या डब्याचं सील फोडण्याआधी तो माझ्याकडे दिला. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, बारीक अक्षर दिसत नव्हतं.

"वाच," म्हणाले. मी वाचलं. "परत वाच." परत वाचलं. ते पुस्तकातल्या पानावर बोट ठेवून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला त्यांनीच चावी फिरवली. मी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून उभी होते. मग ते आत गेले आणि त्यांच्या एसटीच्या काळापासूनच्या लांबट वहीत, जिच्यात आमच्या घरातल्या प्रत्येक गाडीचं पान आहे, मोठ्या अक्षरात लिहिलं: 'ऑइल ०डब्ल्यू-२०, ३.५ लि. फिल्टर नवा, वायसर नवा. सकाळी सहाला चालू केली. आवाज नाही.'